मुंबईच्या आधीची मुंबई : सोपारा आणि परिसर

आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मजकडे एखादा ऐतिहासिक लेख मागितला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु व्यापाराच्या निमित्ताने ज्या शहराच्या वाऱ्या केल्या, त्याच शहराच्या उंबरठ्यावर आपल्या पूर्वजांच्या स्मृतीतील एक प्राचीन बंदर आहे, हे मला वयाची साठी उलटल्यावर कळले. उशिरा कळलेली ही गोष्ट समाजबांधवांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मारेगावहून मुंबईस खरेदीला जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वर्ध्याहून रात्रीची गाडी, सकाळी स्टेशनवरून थेट काळबादेवी, मग मुळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट. नमुने पाहणे, भाव ठरविणे, आडत्याच्या पेढीवर हिशेब करणे आणि गाठी ट्रान्सपोर्टला लावून त्याच रात्री परत निघणे. माझ्या पूज्य बाबूजींनी अशा फेऱ्या जवळजवळ चाळीस वर्षे केल्या. पायधुनीच्या मंदिरात दर्शन घेतल्याखेरीज ते पाणी पीत नसत. पण समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही गाडी सुटण्यास वेळ होता म्हणून. मीही पुढे तोच कित्ता गिरविला. पाहुण्यांना मुंबई दाखविण्याची वेळ आली की गेट वे ऑफ इंडिया, राणीचा बाग आणि फार तर घारापुरी. त्यापलीकडे काही असेल, असे मनात आले नाही.

काही वर्षांपूर्वी दुकानाचा भार मुलावर सोपविल्यानंतर सौभाग्यवतींसह प्रथमच खरेदीविना मुंबईस गेलो आणि विरार लोकलने नालासोपाऱ्यास उतरलो. या प्रवासास कारण झाले ते पर्युषणात ऐकलेले एक कथानक.

लक्ष मोलाचा भात

कल्पसूत्राच्या स्थविरावलीच्या वाचनप्रसंगी आचार्य वज्रसेनसूरींची कथा आपण ऐकतो. बारा वर्षांचा घोर दुष्काळ पडला होता. वज्रस्वामींनी आपल्या शिष्यास सांगितले होते की, ज्या दिवशी एक लक्ष मोलाचे अन्न शिजलेल्या घरी तुला भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुकाळ होईल. विहार करीत वज्रसेनसूरी सोपारक नगरात आले. तेथील श्रेष्ठी जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांच्या घरी द्रव्य होते, पण धान्य नव्हते. लक्ष मोल देऊन मिळविलेले मूठभर धान्य शिजवून, त्यात विष कालवून सर्वांनी देह ठेवावा, असे त्या कुटुंबाने ठरविले होते. तेवढ्यात आचार्य दारी उभे राहिले. त्यांनी गुरुवचन सांगितले, विष बाजूस राहिले आणि दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदरात आली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुळे निघाली. आजच्या अनेक गच्छांची परंपरा त्यांतील चंद्रकुळाशी जोडली जाते.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. परंतु सोपारक म्हणजे नालासोपारा, हे ध्यानात आले नव्हते. आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातील माणसास दुष्काळ समजतो. दुष्काळ पावसाने नव्हे तर जहाजाने मोडला, ही गोष्ट मात्र बंदराच्या गावातच घडू शकते. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथातही सोपाऱ्याची गणना तीर्थांमध्ये झालेली आहे.

स्तूप आणि शिलालेख

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक पुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, सोपारा, कल्याण आणि चेऊल या बंदरांचा उल्लेख येतो. तेव्हा आजची मुंबई म्हणजे खाडीत विखुरलेली बेटे होती. सोपाऱ्यास बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी एक टेकडी होती. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणली, तेव्हा तो विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. आत दगडी करंडक, त्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती होत्या. तांब्याच्या आत चांदी, दगड, स्फटिक आणि शेवटी सोने असे एकात एक करंडक निघाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. सोन्याच्या आत माती जपून ठेवावी, हा त्यागाचा केवढा मोठा सन्मान!

त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा. आठव्या लेखाचा विषय वाचून मी चकित झालो. पूर्वीचे राजे मृगयेसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रा करीत; अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, ज्यांत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, दान आणि ग्रामीण जनतेच्या भेटी असत, असा त्याचा आशय आहे. स्तूपातील करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आणि शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ही दोन्ही ठिकाणे काळबादेवीपासून किती जवळ! आमचे पाय तिकडे कधी वळले नाहीत, एवढेच.

आज स्तूपाच्या जागी विटांचा उंचवटा उरला आहे. ते संरक्षित स्मारक आहे. भोवती मात्र दाट वस्ती वाढली आहे. आम्ही गेलो तेव्हा तेथे दुसरे कोणी प्रवासी नव्हते. रिक्षावाल्यासही दोनदा विचारावे लागले.

दान आणि व्याज

सोपाऱ्याचे नाव नाशिकच्या पांडवलेण्यांतही कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सोपारा, भडोच आदी ठिकाणी धर्मशाळा बांधल्याचे दहाव्या लेण्यातील लेख सांगतात. तेथील आणखी एक लेख प्रत्येक कापड व्यापाऱ्याने वाचावा असा आहे. उषवदाताने २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी त्यातून मिळावयाचे होते. मी कागदावर हिशेब केला : वर्षाचे व्याज २४०, आणि २० गुणिले १२ बरोबर २४०. एका कवडीचाही फरक नाही! आपल्या ट्रस्टच्या कायम निधीची कल्पना किती जुनी आहे, हे यावरून ध्यानी येते. मुद्दल अबाधित ठेवून व्याजातून धर्मकार्य, हा नियम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांच्या साक्षीने दगडावर कोरला गेला होता.

असेच दानलेख बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत आहेत. एकाच डोंगरात शंभरावर लेणी आणि जागोजागी पाण्याची टाकी. दाते म्हणून कल्याण, सोपारा व चेऊल येथील व्यापारी आणि कारागीर यांची नावे येतात. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करतो. ही लेणी आणि सोपाऱ्याचा स्तूप बौद्ध आहेत. आपण त्यांवर हक्क सांगू नये. परंतु श्रमणांना वर्षावासात निवारा, वस्त्र आणि पाणी द्यावे, ही भावना सामायिक होती, आणि तिचा खर्च व्यापाऱ्यांच्या गल्ल्यातून होत होता, हे अभिमानाने सांगता येईल.

वसई, आगाशी, ठाणे

सोपाऱ्याच्या अलीकडचे स्टेशन वसई रोड. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोठ्या बलिदानानंतर किल्ला जिंकला. तटाच्या आत ओस पडलेली चर्चे आणि नागेश्वराचे मंदिर, दोन्ही एकाच फेरीत पाहता येतात. पलीकडे विरारजवळ आगाशी येथे मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ आहे. दर्शन आणि विसावा, दोन्ही तेथे घडतात.

ठाणे म्हणजे श्रीपाल राजाच्या कथेतील ठाणा नगरी. आयंबिलाच्या ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीचा रास ऐकताना ज्या कोकणाचे वर्णन येते, तेच हे. टेंभी नाक्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर त्या कथेची आठवण जागवते. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून याच ठाण्यास आली. पुढे हाच लोहमार्ग वऱ्हाडात पोहोचला आणि आपल्या भागाचा कापूस मुंबईस जाऊ लागला. आपल्या शेतातील बोंड आणि आपल्या दुकानातील ठाण यांच्यामध्ये मुंबई उभी होती.

बंदरे का बुजतात

सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, जहाजे अन्य बंदरांकडे वळली आणि ज्या गावाचे नाव ग्रीक नाविकांना ठाऊक होते, ते गाव विस्मृतीत गेले. व्यापाराचा हा स्वभाव आम्हीही पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. ज्या गिरण्यांच्या छापाचे धोतर आणि लट्ठा आमच्या दुकानात नावाने मागितला जाई, त्यांतील कित्येक पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी आज मॉल आणि मनोरे आहेत. बाबूजी त्या वेळी म्हणाले होते, "छाप गेला, पण आपली पत जाऊ देऊ नकोस." सोपाऱ्याच्या स्तूपाजवळ उभा असताना मला ते शब्द आठवले. जिनदत्त श्रेष्ठींची गलबते, पेढी, वाडा, काही उरले नाही. त्यांच्या दारी घडलेली भिक्षा मात्र आपण आजही दरवर्षी ऐकतो.

एक विनंती

आपल्या शेजारच्या भद्रावतीस केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपण नेहमी जातो; पण तेथील विजासनची लेणी किती जणांनी पाहिली आहेत? मुंबईबाबतही तसेच झाले. म्हणून विनंती अशी की, खरेदी, विवाह वा औषधोपचाराच्या निमित्ताने मुंबईस गेल्यावर एक दिवस जादा काढावा. सकाळी चर्चगेटहून विरार लोकलने निघावे. प्रथम सोपाऱ्याचा स्तूप, मग आगाशीचे दर्शन आणि परतताना वसईचा किल्ला, असे करून दिवस मावळण्यापूर्वी परत येता येते. कान्हेरीस वेगळा दिवस द्यावा. सोमवारी उद्यान बंद असते. सोबत घरातील मुलांना अवश्य न्यावे आणि वज्रसेनसूरींची कथा त्यांना तेथेच सांगावी. ट्रस्टने पुढील यात्रेत सोपाऱ्याचा समावेश केला, तर सुवर्ण महोत्सवाच्या वर्षाची ती चांगली आठवण राहील.

बाबूजींना हे दाखवावयाचे राहून गेले. ज्यांचे वडीलधारे अद्याप हिंडते-फिरते आहेत, त्यांनी उशीर करू नये.

लेखनात काही न्यून वा अधिक झाले असल्यास, किंवा जिनआज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.