फियाट टिकली कशी?

मुंबई-पुण्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसासमोर जुन्या फियाटचा विषय काढा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तेव्हाच्या गाड्या मजबूत होत्या हो!" तीस-चाळीस वर्षं एकाच घरात नांदलेल्या फियाट आणि पद्मिनी पाहिल्या की ते पटतंही. पण त्या काळातले सरकारी आदेश, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आरटीओची नोंदणीपुस्तकं, टॅक्सीचे नियम आणि गॅरेजची बिलं शेजारी-शेजारी ठेवून वाचली, तर चित्र जरा बदलतं. गाडी टिकली त्यात कारखान्याचा वाटा होताच; पण टंचाईचा आणि मिस्त्रीचा वाटा त्याहून मोठा होता.

कोणती फियाट?

आधी गाडीची ओळख पटवायला हवी. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० इथे आली. गोलमटोल पाठीची ही पहिली गाडी लोकांच्या तोंडी 'डुक्कर फियाट' झाली. साठीच्या दशकाच्या मध्यावर चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. फियाटशी असलेला परवाना-करार संपल्यावर हीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदललं, तरी १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर कायम राहिला. रस्त्यावरच्या लोकांनी तर नाव बदललंच नाही. पद्मिनीलाही ते शेवटपर्यंत फियाटच म्हणत.

म्हणूनच 'आमची पासष्ट सालची फियाट' ही घरातली आठवण पुरावा म्हणून अपुरी पडते. खरी साक्ष आरसी, म्हणजे नोंदणी पुस्तकाची. त्यात बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, निर्मितीचं साल, चेसिस आणि इंजिनचा नंबर, इंधन, रंग आणि बसण्याची क्षमता यांच्या नोंदी असतात. निर्मितीचं साल आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते, हे विसरून चालत नाही. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलं, पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत झाली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. केवळ नोंदणीवरून साल ठरवणारा इथे फसेल.

नंबरपाटीही वाचता येते. जुन्या मुंबईतल्या गाड्यांवर बीएम, एमआर, एमएम अशा अक्षरांनी सुरू होणारे नंबर असत. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं व कार्यालयाचा आकडा ही आजची पद्धत रूढ झाली : ताडदेव एमएच-०१, अंधेरी एमएच-०२, पुणे एमएच-१२. जुन्या मालिकेचा नंबर अजून अंगावर असलेली गाडी त्याआधी कधीतरी पहिल्यांदा रस्त्यावर आली, एवढं नुसत्या पाटीवरूनही सांगता येतं.

विकावी तरी कशी?

लोकांनी गाडी इतकी वर्षं का ठेवली, याचं उत्तर आरसी पुस्तकात सापडत नाही. ते सरकारी आदेशांत आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने १९५९ साली मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. गाडी हवी असेल तर विक्रेत्याकडे नाव नोंदवायचं, अनामत ठेवायची आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचं. मिळालेली नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत परवानगीवाचून विकण्यावरही बंधन होतं. थोडक्यात, शोरूममध्ये जाऊन पैसे मोजले आणि किल्ली घेतली, असा तो व्यवहारच नव्हता.

किमतीही सरकारच ठरवत असे. १९६९ साली केंद्राने त्यासाठी आदेश काढला, तेव्हा देशात मोटारी बनवणारे कारखाने मोजके होते. अँबेसेडरवाली हिंदुस्तान मोटर्स, फियाटवाली प्रीमियर आणि हेरल्डवाली स्टँडर्ड. कारखानदार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. माजी सरन्यायाधीश ए. के. सरकार यांच्या अध्यक्षतेखाली मोटारींच्या किमतींसाठी चौकशी आयोग बसला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये न्यायालयाचा निकाल आला. कच्च्या मालाचा खर्च, मजुरी, विक्रेत्याचं कमिशन, भांडवलावरचा परतावा असा घरगुती मोटारीचा एकेक हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला. त्याआधी, १९६७ साली, देशी मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला वेगळी समिती नेमावी लागली होती. 'तेव्हाच्या गाड्या मजबूत' म्हणणाऱ्यांनी त्या समितीची आठवण ठेवायला हरकत नाही. ग्राहक समाधानी असते, तर दर्जाच्या चौकशीची वेळ आली नसती.

या काळातल्या एका गाडीची कथा पुष्कळांना माहीत आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी १९६४ च्या मॉडेलची फियाट घेतली. किंमत बारा हजार, गाठीला सात हजार, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि उरलेलं कर्ज पत्नी ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही हकिगत त्यांचे पुत्र अनिल शास्त्री यांनी २०१८ साली वृत्तपत्रांना सांगितली, म्हणजे घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. ती कुटुंबीयाची साक्ष आहे, हे लक्षात ठेवूनच वाचायला हवी. गाडी मात्र दिल्लीच्या शास्त्री स्मारकात आजही उभी आहे. देशाच्या पंतप्रधानाला गाडीसाठी कर्ज काढावं लागत असेल, तर मुंबईतल्या डॉक्टरला, वकिलाला किंवा कारखान्यातल्या अधिकाऱ्याला ती बदलण्याचा विचार किती सहज सुचत असेल?

बिलं काय सांगतात

बदलता येत नाही ती वस्तू माणूस दुरुस्त करतो. फियाटच्या देखभालीचा इतिहास आरसी पुस्तकात फार थोडा उतरला आहे. रंग बदलला, इंजिन बदललं, पेट्रोलवरून सीएनजीवर गेलं, मालक बदलला किंवा बँकेचा बोजा चढला-उतरला, एवढ्याच नोंदी तिथे होतात. बाकी सगळं गॅरेजच्या बिलांत.

ही बिलं बहुधा कच्ची, कार्बन ठेवून हाताने लिहिलेली. टॅपेट सेट केले. पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून साफ. व्हॉल्व्ह लॅप केले. किंगपिन आणि बुश बदलले. ब्रेक ड्रम टर्न केले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या ओळी काळजीपूर्वक वाचल्या, तर गाडीचं वय आणि वापर दोन्ही कळतात. एक उदाहरण पाहा. इंजिन धूर टाकायला लागलं की सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतला व्यास, मोठं करून त्यात जरा जाड पिस्टन बसवतात. फियाटच्या इंजिनाचं मूळ बोअर ६८ मिलिमीटर. बिलावर 'बोअर, दुसरी साइज' असं लिहिलेलं असेल, तर इंजिन त्याआधी बहुधा एकदा बोअर झालेलं आहे, असा अंदाज आधीचं बिल हरवलं तरी बांधता येतो. 'स्लीव्ह बसवली', म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी घातली, अशी नोंद आली, की समजावं, कापायला धातू उरला नव्हता आणि मालकाने तरीही गाडी सोडली नाही.

पत्र्याच्या कामाचं बिलही तसंच बोलकं. फियाट ११०० ला वेगळी चौकट नव्हती. सगळा भार सांगाडा झालेल्या बॉडीनेच पेलायचा. त्यामुळे समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तळाचा पत्रा गंजला, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नसे. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागे. यात एक पथ्य सांभाळावं लागतं. चेसिस नंबर ठोकलेल्या पत्र्याला हात लावायचा नाही. आरटीओच्या कामासाठी त्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उठलेली छाप अर्जावर चिकटवतात. लाख नोंदी खऱ्या असल्या, तरी गाडी आणि कागद एकच असल्याचं अखेर त्या पेन्सिलीच्या करड्या छापेवरून ठरतं. जुनी फाइल हाती आली की मी सर्वांत आधी वेगवेगळ्या वर्षांच्या या छापा एकमेकींशी ताडून पाहतो. आकड्यांची घडण, त्यांच्यातलं अंतर, एखाद्या अंकाची झिजलेली कड जुळली, की पुढचं वाचायला अर्थ.

सुट्या भागांचा ठावठिकाणाही बिलांच्या शिक्क्यांवरून लागतो. मुंबईत ऑपेरा हाउसकडची दुकानं, पुण्यात नाना पेठ, आणि दुकानात नाही मिळालं तर कुर्ल्याचं भंगार. उत्पादन थांबल्यानंतर या भंगाराचं महत्त्व वाढलं. एक पद्मिनी तोडली गेली की तिच्या भागांवर दुसऱ्या दोन-चार चालू राहत.

टॅक्सीचा पुरावा अधिक दाट

खासगी गाडीपेक्षा टॅक्सीची कागदपत्रं जास्त, हे संशोधकाच्या पथ्यावर पडतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. टॅक्सीला मात्र नव्या दिवसांचा काळ सरला की दर वर्षी पासिंग. ब्रेक, दिवे, मीटर, रंग, सगळं तपासून घ्यायचं आणि योग्यता प्रमाणपत्र मिळवायचं. त्यामुळे मुंबईच्या पद्मिनीचा इतिहास टॅक्सीच्या कागदांतून सलग दिसतो, घरच्या गाडीच्या कागदांतून तुटक.

टॅक्सी संघटनेच्या सांगण्याप्रमाणे फियाट टॅक्सी म्हणून मुंबईत १९६४ पासून धावू लागली. दीर्घायुष्याला पहिला मोठा धक्का बसला तो धुरामुळे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या याचिकेवर परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेण्याचे आदेश आले. पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर आला. पेट्रोलसाठी बनलेलं इंजिन गॅसवर धावू लागलं आणि आणखी काही वर्षं जगलं. मग वयाची मर्यादा आली : २००८ साली पंचवीस वर्षं, २०१३ साली वीस. ताडदेवच्या त्या शेवटच्या नोंदणीत वीस वर्षं मिळवली की ऑक्टोबर २०२३ येतो, आणि त्याच महिन्याअखेर काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. तेव्हा वृत्तपत्रांत हळहळ बरीच छापून आली. पण टॅक्सी थकून थांबली नाही. ती नियमाच्या तारखेला थांबली, हे आठवणींच्या लेखांत सहसा सुटतं.

आता गाडी ठेवायची तर

खासगी मालकापुढे आज वेगळे कागद आहेत. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची मोटारीची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपये झाली. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. सुरुवातीच्या प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांनी आता पन्नाशी गाठली आहे.

'मूळ स्वरूपात' या दोन शब्दांपाशी जुन्या बिलांची किंमत कळते. बॉडी, चेसिस आणि इंजिनात मोठा फेरफार नाही, हे नुसत्या तोंडी सांगण्याने सिद्ध होत नाही. ज्याच्या घरी चाळीस वर्षांची बिलं जपलेली आहेत, त्याच्याकडे बदलांचा क्रमवार हिशेब तयार असतो.

कागद एवढं सांगतात, की मिळवायला कठीण म्हणून गाडी ठेवली गेली, ठेवायची म्हणून दुरुस्त झाली आणि दुरुस्त होत राहिली म्हणून लोकांना मजबूत वाटली. आरसी पुस्तकात मालकांची नावं आहेत, बँकेचं आहे, अधिकाऱ्याची सही आहे. ज्याने तिचं इंजिन तीनदा उघडलं, त्या मिस्त्रीचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. असलंच तर एखाद्या पिवळ्या पडलेल्या बिलाच्या कोपऱ्यात असेल. तेव्हा जुनी गाडी विकताना किंवा मोडीत काढताना बिलांची फाइल रद्दीत घालू नका. नव्या मालकाला द्या किंवा घरी ठेवा, आणि बिलावर नसेल तर मिस्त्रीचं नाव, गॅरेजचा पत्ता आणि साल आठवेल तसं आपल्या हाताने लिहून ठेवा.