गाडग्यातलं बियाणं

गटाच्या बैठकीत आपण पैशांच्या बचतीचा हिशेब ठेवतो. आज त्याहून जुन्या बचतीचा इतिहास सांगतो. ती बचत बियाण्याची.

न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुडावर वाल, छपरावर भोपळा. अशी परसबाग आपल्या आज्यांनी राखली. सातबाऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच असे, पण कोणतं फळ बियाण्यासाठी ठेवायचं हे त्याच ठरवत. भरदार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बी राखेत कालवून गाडग्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं. राख ओल शोषून घेते आणि किडीला आळा घालते. हे ज्ञान पोरींना पुस्तकातून नव्हे, आईबरोबर शेंगा सोलताना मिळालं.

या बागेनं परक्या बियालाही जागा दिली. वांगं आणि काकडी आपल्या देशातलीच. पण मिरची, टोमॅटो, पेरू, पपई आणि लाल भोपळा मूळचे अमेरिका खंडातले. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतरच्या काळात समुद्रमार्गे अशी पिकं आपल्याकडे रुजली. आज मिरचीशिवाय आपला ठेचा होत नाही!

मोठा बदल १९६०च्या दशकानंतर झाला. देशात धान्याची टंचाई होती. सुधारित आणि संकरित बियाणं आलं, उत्पन्न वाढलं, हे खरंच. पण संकरित वाणाचं बी धरून पुन्हा पेरलं, तर पहिल्यासारखं पीक येईलच असं नाही. म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. हळूहळू पाकिटं परसातही आली आणि गाडगी रिकामी झाली. शेकडो वर्षं जपलेलं बी एक-दोन पिढ्यांत हातचं जाऊ लागलं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. शेतीचं शिक्षण त्यांना वडिलांकडून मिळालं. घरातलं नातवंड आजारी पडलं, तेव्हा फवारणीच्या भाजीवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि त्या गावरान बियाणं शोधू लागल्या. ही कुणी दिलेली नोकरी नव्हती. दारापुढच्या बागेत त्यांनी वालाचे कितीतरी प्रकार लावले, बायकांना बी वाटलं. पुढे बाएफ संस्थेच्या मदतीनं बियाणे बँक उभी राहिली. लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले. २०२०च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं.

आपल्यापैकी कुणाकडे पुरस्कार नसेल, पण आजीच्या हातचं मूठभर बी अजून असेल. ते पेरलं नाही, तर काही वर्षांत त्याची उगवणशक्ती जाईल आणि मग कोणत्याच दुकानात ते मिळणार नाही.

म्हणून आम्ही सुचवतो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचं एक बी आणावं. सुरुवात वाल आणि चवळीनं करा, त्यांचं बी धरणं सोपं. भोपळ्याचे दोन वाण मात्र शेजारी लावू नका, त्यांचा संकर होतो. गटाच्या वहीत लिहा: वाणाचं नाव, कुणाच्या घरचं, कुणाकडून आलं. पेरणीला मुलांना सोबत घ्या आणि वहीत त्यांचंही नाव घाला.