स्वयंनियुक्त आयपी पत्ता

संगणक सुरू होताना त्याला जाळ्याकडून आयपी पत्ता मिळाला नाही, तर तो स्वतःच जो तात्पुरता पत्ता धारण करतो, त्यास स्वयंनियुक्त किंवा लिंक-लोकल पत्ता म्हणतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत असे पत्ते १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ मध्ये ही सोय दिली होती. तिचे मानक मे २००५ मध्ये 'आरएफसी ३९२७' या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाले.

कार्य

पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी सर्व्हर करतो. घरात ते बहुधा राउटरकडेच असते. नवा संगणक 'कोणी पत्ता देता का?' अशी हाक संपूर्ण जाळ्याला उद्देशून देतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर तो ठरावीक मुदतीसाठी मंजूर करतो. उत्तर न आल्यास हाक पुन्हा दिली जाते. दोन हाकांमधील अंतर सुमारे ४, ८, १६ सेकंद असे वाढत जाते. तरीही कोणी उत्तर दिले नाही, तर संगणक १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ यांमधील एखादा पत्ता निवडतो. तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, याची चौकशी एआरपी संदेशाने करूनच तो वापरू लागतो.

राउटर अशा पत्त्यावरून आलेले संदेश पुढे पाठवत नाही. म्हणून पडद्यावर जोडणी दिसते, पत्ताही दिसतो, पण इंटरनेट चालत नाही. संगणक बिघडला असा समज येथेच होतो. वास्तविक हा पत्ता म्हणजे हाकेला उत्तर न आल्याची खूण होय.

कारणे व उपाय

एकाच संगणकाला असा पत्ता मिळाला असेल, तर प्रथम त्याची केबल व जोडणी तपासावी. सर्वांनाच मिळाला असेल, तर सर्व्हर बंद आहे किंवा त्याच्याजवळचे पत्ते संपले आहेत, असे समजावे. सहसा ध्यानात न येणारे कारण वेळेचे असते. वीज परत आल्यावर संगणक व राउटर एकदमच सुरू होतात आणि राउटर मागे राहतो. कार्यालयांतील काही स्विच स्पॅनिंग ट्री या पद्धतीमुळे नवी जोडणी सुमारे ३० सेकंद रोखून धरतात. तेथे संगणकाची जोडणी तत्काळ खुली करण्याची मांडणी स्विचमध्येच करावी लागते.

विंडोज दर ५ मिनिटांनी सर्व्हरचा पुन्हा शोध घेते. वाट पाहायची नसल्यास 'आयपीकॉन्फिग' आज्ञेला 'रिन्यू' हा पर्याय जोडून पत्ता नव्याने मागता येतो. पत्ता हाताने भरून टाकण्याचा मोह अनेकांना होतो; पण सर्व्हरने तोच पत्ता उद्या दुसऱ्याला दिला, तर दोन्ही यंत्रे अडतात. छपाईयंत्रासारख्या कायम एकाच पत्त्यावर हव्या असलेल्या साधनासाठी तो पत्ता सर्व्हरवरच राखून ठेवावा.