घरात शिवणकामाचा व्यवसाय: ऑर्डर, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांचा मेळ कसा बसवायचा?

दिवाळीला चार दिवस उरलेत. हॉलमध्ये मशीन सुरू आहे, गॅसवर चकलीचं तेल तापतंय, धाकट्याला किल्ल्यासाठी माती हवी आहे आणि दारात एक ताई उभी आहे. 'अगं, एवढा एकच ब्लाउज आहे, उद्या देशील ना?'

महाराष्ट्रातल्या गावागावात आणि चाळी-सोसायट्यांमध्ये हे दृश्य काही नवं नाही. माझ्याही घरी ते होतं. आई जवळपास पंधरा वर्षं घरी ब्लाउज आणि फ्रॉक शिवायची. आता फरक एवढाच झालाय की दारातल्या ताईसोबत व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवरच्या ऑर्डरीही आल्या आहेत. खणाचे ब्लाउज, बाळाची कुंची आणि झबली, शिवलेली नऊवारी, जुन्या साड्यांच्या गोधड्या, बटवे, कापडी पिशव्या असं बरंच काही घरातून विकलं जातंय.

'घरबसल्या कमवा' हे ऐकायला छान वाटतं. पण ज्या घरात काम करायचं, त्याच घराची कामंही करायची असतील तर दोन्ही सांभाळायचं कसं? सविस्तर समजून घेऊ.

आधी प्रश्न वेळेचा

घरून काम करणाऱ्या बाईला दिवसभर वेळच वेळ असतो, असा एक समज आहे. आकडे वेगळं सांगतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यात विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिलांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटं या कामात जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांसाठी हाच आकडा ८८ मिनिटांचा होता.

म्हणजे मशीनवर बसण्याआधीच बाईचे पावणेपाच तास गेलेले असतात. म्हणून पहिली पायरी अशी की एक आठवडा वहीत लिहून ठेवायचं, खरोखर किती तास मशीनवर बसायला मिळालं. अंदाज बहुतेक वेळा जास्त निघतो आणि प्रत्यक्ष तास कमी.

आठवड्याला किती ऑर्डर घ्यायच्या?

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, रोज ४ तास मिळतात आणि आठवड्यात ६ दिवस काम होतं. झाले २४ तास. यातला पाव हिस्सा बाजूला काढा. कारण मुलाला ताप येतो, लाइट जाते, पाहुणे येतात, एखादा ब्लाउज अल्टर करायला परत येतो. उरले १८ तास.

आता अस्तराच्या एका ब्लाउजला किती वेळ लागतो? फक्त शिलाईचा वेळ धरला तर हिशोब चुकतो. माप घेणं, कटिंग, शिलाई, हूक आणि काजं, हातशिलाई, इस्त्री, ट्रायल, गिऱ्हाइकाशी फोन हे सगळं धरून साडेतीन तास धरू. १८ तासांत पाचच ब्लाउज बसतात.

पाचच्या जागी आठ घेतले तर २८ तास लागतील. वरचे १० तास कुठून येणार? ते झोपेतून किंवा मुलांच्या वेळेतून येतात. वेळेवर देता आलं नाही तर गिऱ्हाईकही तुटतं.

त्यामुळे 'आठवड्याला पाच' हा आकडा ठरवून तो पाळणं हे या व्यवसायातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. पाच झाले की सहाव्या गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. नाही म्हणायला जड जात असेल तर व्हॉट्सअॅप स्टेटसवर 'या आठवड्याच्या ऑर्डर पूर्ण' असं टाकून ठेवता येतं. म्हणजे प्रत्येकीला तोंडावर नकार द्यावा लागत नाही.

कोणतं काम कधी?

शिवणकाम म्हणजे एकच काम नाही. त्याचे तुकडे पाडले तर घराच्या वेळापत्रकात ते बऱ्यापैकी बसतं.

कटिंग: हे सलग आणि शांत वेळेतच करावं. शिलाई चुकली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं गेलं तर ते परत येत नाही. आणि ते कापड बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या साडीतलं असतं. मुलं शाळेत गेल्यावरचा तास कटिंगसाठी राखून ठेवा.

मशीनची शिलाई: एकाच रंगाच्या दोऱ्याची कामं एकत्र घ्या. दोरा आणि बॉबिन बदलण्यात जाणारी पाच-पाच मिनिटं दिवसाअखेरीस बरीच होतात. फॉल-पिकोच्या साड्याही अशाच एकदम काढाव्यात. रात्री उशिरा मशीन चालवली तर आवाजाने घरच्यांची झोप मोडते आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही येते. त्यामुळे मशीनची वेळ शक्यतो दिवसाचीच ठेवा.

हातशिलाई, हूक, काजं, धावदोरा: ही कामं मुलाचा अभ्यास घेताना किंवा घरच्यांशी गप्पा मारताना होऊ शकतात. पण एक सावधगिरी हवी. घरातला प्रत्येक निवांत क्षण हूक लावण्यात जायला लागला तर सुट्टी उरतच नाही. संध्याकाळी एक ठरावीक वेळ अशी ठेवा की सुई डब्यात बंद.

गिऱ्हाइकांची वेळ: माप द्यायला आणि कपडे न्यायला यायची वेळ ठरवून दाराबाहेर किंवा फोनवर लिहून ठेवा, उदाहरणार्थ दुपारी ४ ते ६. दुकानाला शटर असतं, घराला नसतं. ते आपण बनवावं लागतं.

सणासुदीचा पेच

या व्यवसायाची खरी अडचण म्हणजे कामाचा हंगाम आणि घरातल्या कामाचा हंगाम एकच असतो. गौरी-गणपती, दसरा-दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई. गिऱ्हाइकाला जेव्हा नवा ब्लाउज हवा असतो, तेव्हाच आपल्या घरी फराळ, पाहुणे आणि साफसफाई असते. भर म्हणून जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचे पोशाख.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, शेवटची तारीख आधीच जाहीर करणं. दिवाळीच्या ऑर्डर दसऱ्यापर्यंतच घेणार, हे महिनाभर आधी सांगून टाका. त्यानंतर येणाऱ्या कामाला जादा दर लावा किंवा ते दिवाळीनंतर घ्या. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शिलाई थांबवायची हेही ठरवून घ्या.

दुसरा उपाय म्हणजे माप न लागणाऱ्या वस्तू. पिशव्या, बटवे, तोरणं, टेबल रनर, गोधड्या, नवजात बाळाची झबली-टोपडी. यांना ट्रायल नसते आणि 'उद्या द्या' असा तगादाही नसतो. आषाढात काम थोडं कमी असताना या वस्तू शिवून ठेवल्या तर सणात फक्त विकायच्या उरतात. अडचण एकच, विकलं जाईपर्यंत पैसे कापडात अडकून राहतात. त्यामुळे सुरुवात थोड्या नगांनी करा. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर अनेकींनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या, पण अशा वस्तूंमध्ये स्पर्धाही भरपूर असते. आपल्या कापडात किंवा नक्षीत काही वेगळेपण असेल तरच दर टिकतो.

दर ठरवताना तास मोजा

पुन्हा त्याच ब्लाउजकडे येऊ. समजा शिलाई ५०० रुपये घेतली. अस्तर, दोरा, हूक, वीज आणि मशीनची झीज मिळून १०० रुपये गेले. उरले ४००. त्याला साडेतीन तासांनी भागलं तर तासाला साधारण ११४ रुपये पडतात. आठवड्याच्या पाच ब्लाउजचे २,००० रुपये.

आता शिलाई ६०० केली तर त्याच पाच ब्लाउजचे २,५०० रुपये होतात. जुन्या दराने तेवढे पैसे मिळवायला सहा ब्लाउज शिवूनही थोडे कमीच पडले असते. म्हणजे दर १०० रुपयांनी वाढवणं हे आठवड्यातले चार तासांहून जास्त काम वाचवण्यासारखं आहे. घराला वेळ द्यायचा असेल तर आधी दर तपासा. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावातला दर आणि तुमचा हात यांनुसार ते बदलतील.)

गोधडीच्या बाबतीत तर हा हिशोब हमखास चुकतो. जुन्या साड्या गिऱ्हाइकानेच दिलेल्या असतात, म्हणून 'खर्च काहीच नाही' असं वाटतं. पण हाताने घातलेल्या धावदोऱ्याचे तास मोजले तर कळतं की गोधडीची खरी किंमत वेळेत आहे.

हा लेख लिहिताना मी आईसोबत बसून तिचा जुना हिशोब काढला. तिच्या वहीत सगळ्या गिऱ्हाइकांची मापं होती, तास कुठेच नव्हते. आठवेल तसे तास धरले तर शेवटच्या वर्षांतही तिला तासाला चाळीस रुपयांच्या आसपास पडत होते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'बरं झालं तेव्हा काढला नाही, मशीनच विकली असती.'

नातेवाइकांचं कामही हिशोबात धरा. 'घरचंच तर आहे' म्हणून आलेले कपडे पैसे देत नसले तरी तास घेतातच. महिन्याला एक किंवा दोन कपडे घरच्यांचे, बाकीच्यांना नेहमीचा दर, असा नियम सगळ्यांना सारखा लावला तर कुणाला राग येत नाही.

घरात मशीन असेल तर सुरक्षितता

• लहान मूल असेल तर उठताना मशीनचा स्विच बंद करा आणि प्लग काढा. मोटरचा पायदाब मुलांना खेळण्यासारखा वाटतो.
• टाचण्या आणि सुया झाकणाच्या डब्यात ठेवा. काम संपल्यावर जमिनीवरून लोहचुंबक फिरवला की पडलेल्या टाचण्या सापडतात.
• तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधा आणि कागदात गुंडाळून टाका.
• इस्त्रीची वायर लोंबकळू देऊ नका.
• पाठ आणि मान जपा. खुर्चीला पाठीचा आधार हवा, प्रकाश थेट सुईवर पडायला हवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावलं चालायला हवीत.
• गिऱ्हाइकाचे कपडे जेवणाच्या टेबलापासून लांब, झाकून ठेवा. एका हळदीच्या डागाने दोन दिवसांची कमाई जाते.

घरच्यांशी काय बोलायचं?

वेळापत्रक कितीही छान आखलं तरी घरच्यांनी या कामाला काम मानलं नाही तर ते टिकत नाही. 'ती घरीच असते' या एका वाक्यामुळे गॅस सिलेंडर घेण्यापासून बँकेच्या फेरीपर्यंत सगळं तिच्याकडे येतं.

इथे 'मला जरा मदत करा' असं म्हणण्यापेक्षा नेमकी कामं वाटून घेणं जास्त उपयोगी पडतं. मशीनच्या वेळेत दार कोण उघडणार, मुलाला क्लासला कोण सोडणार, हंगामाच्या महिन्यात रात्रीचा स्वयंपाक कोण करणार. आठवड्याच्या ऑर्डर फ्रिजवर किंवा कॅलेंडरवर लिहिल्या तर घरातल्या सगळ्यांना कामाचा डोंगर दिसतो. पोळ्यांना बाई लावली तर तो खर्च व्यवसायाचा धरा, कारण त्या तासात तुम्ही कमावत असता.

व्यवसायाचं बँक खातं वेगळं ठेवा. किराणा आणि अस्तर एकाच पाकिटातून गेले तर कमाई कधी दिसतच नाही, आणि जी दिसत नाही तिला घरात किंमतही मिळत नाही.

कागदपत्रं, योजना आणि फसवे मेसेज

उद्यम नोंदणी: सरकारी पोर्टलवर ती मोफत होते. कुणी पैसे मागितले तर सावध व्हा.

जीएसटी: गिऱ्हाइकाच्या कापडावर शिलाई करणं ही सेवा धरली जाते. महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही.

पीएम विश्वकर्मा: १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. तुमच्या भागात ती सध्या सुरू आहे का, हे तिथेच विचारून घ्या.

मुद्रा कर्ज: यातल्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पण हप्ता ठरवताना वरचा पाच ब्लाउजचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवा, दिवाळीतल्या कमाईचा नको.

आणि हो, 'पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना, लगेच फॉर्म भरा' असे मेसेज अधूनमधून फिरतात. असे दावे खोटे असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने सांगितलेलं आहे. अशा लिंकवर आधार किंवा बँकेचा तपशील देऊ नका.

थोडक्यात

रोज घर आणि काम अगदी समसमान वाटून घेणं कुणालाच जमत नाही. हंगामात मशीन जास्त चालेल, परीक्षेच्या दिवसांत कमी. ठरवायच्या गोष्टी चारच आहेत: आठवड्याला किती ऑर्डर, तासाला किती पैसे, गिऱ्हाइकाची वेळ कोणती आणि घरातलं कोणतं काम कुणाचं.

आईची मशीन अजून घरी आहे. आता ती फक्त गोधड्या शिवते, महिन्याला एक. परवा एका ताईने विचारलं, 'दिवाळीच्या आधी होईल का?' आई म्हणाली, 'होईल, पण पुढच्या महिन्यात.' ताई थांबायला तयार झाली.