सनद आणि कौल

मुंबई आंदणात गेली, हे शाळेतले पोरही सांगेल. पण वाचकहो, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजाने ते बेट पुढे कंपनीला दिले, तो कागद वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ही सनद २७ मार्च १६६८ ची. आज ती आपण इंदापूर-बारामतीकडच्या एका जुन्या कागदाशेजारी ठेवून वाचू.

सनदेत राजा म्हणतो, आम्ही हे ‘खास कृपेने, निश्चित ज्ञानाने आणि केवळ स्वेच्छेने’ देत आहोत. खरे पाहता बेटाचे उत्पन्न थोडे आणि खर्च जबर. डोईजड झालेले ओझे उतरवायचे, पण उतरवताना आव दानशूराचा! पुढे तर मौजच आहे. मुंबई कशी धरायची? तर केंट परगण्यातल्या पूर्व ग्रीनिच या जहागिरीचा भाग असल्याप्रमाणे. खंड सालीना १० पौंड, सोन्याच्या रूपात, ३० सप्टेंबरला भरायचा. व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतही हेच ग्रीनिच आहे. समुद्रापलीकडची भूमी कारकुनाने ठरीव शब्दांत बसवली, की ती जणू राजाच्या परसातली झाली.

आता आपल्याकडे या. नीरा आणि भीमा यांच्या मधला इंदापूरचा मुलूख, कऱ्हाकाठची बारामती. १६३० ते ३२ च्या दुष्काळाने आणि फौजांच्या धामधुमीने या बाजूची गावे ओस पडली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचा कारभार पाहताना दादोजी कोंडदेवांनी ती पुन्हा वसवली, ती कौल देऊन. कौल म्हणजे अभयाचा कागद. देवाला कौल लावतात तोच हा शब्द, इतका त्याला भरवसा! त्यात मोकदमाला आणि रयतेला थेट सांगितलेले असते : शक न धरता या, कीर्द-मामुरी करा. सारा इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे दरसाल चढता.

दोन्ही कागद वस्तीसाठीच. पण बोलणे कुणाशी आहे ते पाहा. सनद कंपनीशी बोलते. बेटावरचे कोळी, भंडारी, कुणबी तिथे ऐकायलाही उभे नाहीत. कौल रयतेशी बोलतो, कारण रयत रुसली तर बैल हाकून भीमेपलीकडे जाईल, आणि रान पडीक राहील. गरज सरकारलाच होती, म्हणून भाषा मऊ.

तरी कौलाला सोवळ्यात बसवू नका. इस्तावा संपला की पुरा धारा भरावा लागेच, आणि अंमलदार बदलला की दिलेला शब्द पाळला जाईलच, अशी खात्री नसे. उलट त्या आढ्यतेच्या सनदेत एक कलम मोलाचे आहे : कंपनीचे कायदे विवेकाला धरून असावेत, इंग्लंडच्या कायद्याला विरोधी नसावेत, आणि बेटावर जन्मलेली माणसे इंग्लंडात जन्मल्यासारखी प्रजा मानावीत. कलम पाळले किती, हा भाग वेगळा. लिहिले होते खरे.

आणि गंमत अशी, की नुसत्या सनदेने मुंबईत कोणी व्यापारी येईना. मग तिथेही कौलाचीच भाषा आली. १६७७ साली दीवच्या निमा पारेखाने येण्याआधी आपली कलमे पुढे केली : आमच्या धर्मात कोणी हात घालू नये, आमच्या आवारात जीवहत्या होऊ नये. त्या कलमांत ग्रीनिचचे नावही नाही. कंपनीने ती मान्य केली.