शंका आणि शहानिशा

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या बैठकांत एका पुस्तकाचा विषय निघाला की आमच्यात अजूनही दोन तट पडतात. माजी पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांचे २००९ साली आलेले ‘हू किल्ड करकरे?’ हे ते पुस्तक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे यांना पाकिस्तानी अतिरेक्यांनी नव्हे, तर गुप्तचर यंत्रणेतील काहींच्या कटाने मारले, असा त्याचा दावा.

समाजाने तो उचलून धरला, याला कारण होते. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात स्फोट झाले. मेले बहुतेक मुसलमान, आणि धरले तेही नऊ मुसलमान. एक जण मध्येच वारला. उरलेले आठ २०१६ साली आरोपमुक्त झाले. दहा वर्षे कोण परत देणार? २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास करकरेंनी वेगळ्या दिशेने नेला, म्हणून ते आम्हाला आपले वाटले. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी सुटले.

पण एक अन्याय खरा ठरला म्हणून दुसरा दावा सिद्ध होत नाही. करकरेंच्या हत्येचा पुरावा कसाबच्या खटल्यात तपासला गेला आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. त्याच्या नऊ साथीदारांना मुंबईच्या बडा कब्रस्तानाने जागा नाकारली होती. तो निर्णय मुसलमानांचाच होता.

सूरह हुजुरात आलेल्या बातमीची शहानिशा करायला सांगते. पोलिसांच्या बातमीला आम्ही ती अट लावतो. आवडत्या पुस्तकालाही लावली पाहिजे.