ठिगळांचा इतिहास : अलाबामाच्या गोधड्या आणि आपल्या पेटीतली बोचकी

गोधडीवर लिहायचे म्हटले की आपल्याकडे आजीची माया, आईची ऊब, थंडीतली रात्र असे ठरलेले शब्द येतात. हे शब्द खोटे नाहीत. पण ते एक प्रश्न झाकून टाकतात. फाटके कापड कुणाच्या वाट्याला आले आणि का आले? नवे कापड अंगावर घ्यायचा हक्कच ज्यांना नव्हता त्यांच्या घरातली गोधडी आणि जुन्या पैठणीचा तुकडा हौसेने जोडणाऱ्या घरातली गोधडी यांचा इतिहास एकच कसा असेल?

मनुस्मृतीने हा प्रश्न आडपडदा न ठेवता सोडवला आहे. दहाव्या अध्यायातला १२५ वा श्लोक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यायला सांगतो. त्याच अध्यायातला ५२ वा श्लोक चांडाळांना प्रेताची वस्त्रे नेमून देतो. म्हणजे जुने कापड हा गरिबीचा अपघात नव्हता, तो कायदा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला आणि त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल बोलले. ज्यांना ही बाब किरकोळ वाटते त्यांना कापड आणि जात यांचे नाते कळलेले नाही.

हाच प्रश्न घेऊन आपण अमेरिकेकडे पाहू. बाबासाहेबांनीही तिकडे पाहिले होते. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली आणि त्याच्या प्रती मागितल्या. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले. त्यामुळे त्या समाजातल्या पुरुष नेत्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. तिथल्या सुई-दोरावाल्या बायांची लढाई मात्र आपल्या अभ्यासवर्गात येत नाही.

अलाबामा राज्यात विल्कॉक्स काउंटी आहे. तिथे अलाबामा नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले जीज बेंड नावाचे गाव आहे. १८१६ मध्ये जोसेफ जी या गोऱ्याने तिथे कापसाचा मळा काढला. १८४५ मध्ये तो मळा मार्क पेटवेकडे गेला. नव्या मालकाने आपले सुमारे शंभर गुलाम नॉर्थ कॅरोलिनाहून पायी चालवत आणले. गावातल्या असंख्य घरांचे आडनाव आजही पेटवे आहे. माणसे मुक्त झाली, मालकाचे नाव चिकटून राहिले. गुलामी गेली तरी जमीन मिळाली नाही, वाट्याने कसणे आणि कर्ज हेच नशिबी आले. १९३२ मध्ये सावकार मेला आणि त्याच्या वारसांनी वसुलीसाठी घरांतले धान्य, जनावरे, अवजारे सगळे उचलून नेले.

अशा गावात गोधडी शिवली जात होती. शेतात घालून विटलेल्या पँटी, शर्ट, पिठाची आणि खताची पोती, आत भरायला सरकी काढल्यावर उरलेला कापूस. खिसा उसवला की त्याखालचा न विटलेला गडद निळा चौकोन दिसायचा, तोच नक्षी व्हायचा. वरचा थर बाई आपल्या घरी एकटी जोडायची, टाके घालायला मात्र चारचौघी एकत्र बसायच्या. अशा बैठकीला ते ‘बी’ म्हणतात. मिसुरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर त्याचे कामाचे कपडे उसवून १९४२ मध्ये गोधडी केली, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे म्हणून. मेलेल्या माणसाचे कापड इथेही आहे. पण ते कुणी लादलेले नाही, प्रेमाने निवडलेले आहे. मनूचा कायदा आणि या बाईचा निर्णय यांतला फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे.

आता मताच्या हक्काकडे येऊ. तालुक्याचे ठाणे म्हणावे असे कॅम्डेन नदीपलीकडे. मतदार नोंदणी तिथेच. काळे लोक नोंदणीसाठी जाऊ लागल्यावर १९६२ मध्ये नदीतली फेरी बंद झाली. समोर दिसणाऱ्या गावाला जायला तासाभराचा वळसा पडू लागला. ही फेरी पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले! फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला आले. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला. पण नोंदणी करणाऱ्यांची घरे गेली, कामे गेली. बहिष्कार हे हत्यार आपल्याला नवीन नाही. गावोगावच्या वेशीबाहेर आपण ते भोगले आहे.

या बहिष्काराला बायांनी दिलेले उत्तर म्हणजे मार्च १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था. छळाच्या नोंदी करत फिरणाऱ्या फ्रान्सिस वॉल्टर या पाद्र्याने दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या, दहा-दहा डॉलरला विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव केला. संस्था चालवली ती मात्र एस्टेल विदरस्पून आणि त्यांच्या सोबतिणींनी. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचे शिवणकेंद्र उभे केले. त्यासाठी २३ एकर जमीन घेतली आणि त्यातले काही तुकडे मालकांनी हुसकावलेल्या कुटुंबांना विकले. टाक्यांच्या कमाईतून जमीन झाली आणि त्या जमिनीवर हुसकावलेल्यांची घरे.

मात्र बाजार फुकट काही देत नाही. १९७२ मध्ये सिअर्स या बड्या दुकानसाखळीने कॉर्डरॉयच्या उशीखोळांचे काम दिले. एकसारखा माल, ठरलेले माप. हाताची मोकळीक गेली. पण कापलेल्या कापडाचे उरलेले तुकडे बायांनी घरी नेले आणि त्यांतून आपल्या मनाच्या गोधड्या केल्या.

२००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. समीक्षकांनी आधुनिक चित्रकलेशी तुलना केली. आणि २००७ मध्ये काही गोधडीकार बायांना पैशाच्या वाट्यासाठी आणि नक्षीच्या वापरासाठी कोर्टात जावे लागले. २००८ मध्ये तडजोड झाली. सहकारी संस्था मात्र २०१२ मध्ये बंद पडली. भिंतीवरच्या गोधडीला मान मिळाला, पण ज्या संघटनेने जमीन मिळवून दिली ती टिकवायला कोण पुढे आले?

आपल्याकडेही गोधडी आता शोरूममध्ये आली आहे. किमतीची चिठ्ठी असते, शिवणारीचे नाव नसते. आमचे काही तरुण म्हणतात, ही गरिबीची खूण आहे, फेकून द्या. आम्हाला हे मान्य नाही. बाबासाहेबांनी लादलेल्या खुणा टाकायला सांगितल्या. आपल्या बायांचा हुन्नर कुणी लादलेला नाही, तो दुसऱ्याच्या दुकानात फुकट का सोडायचा?

म्हणून एक साधे काम सांगतो. घरातली पत्र्याची पेटी उघडा. त्यात लुगड्यांची बोचकी असतील, अर्धी शिवून राहिलेली वाकळ असेल. ती उसवू नका. अडकवलेली सुई आधी काढा, ती गंजते आणि कापड खाते. कापड उन्हात चांगले सुकवून जुन्या सुती फडक्यात बांधा. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, दमट राहून बुरशी धरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर घडीवरच कापड फाटते. पुढे शिवायचे असेल तर कापड उजेडासमोर धरून हलकेच ओढून पाहा. विरलेले आतल्या थरात घाला, धड असलेले वर आणि खाली. नवे कापड जोडणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर रंग उतरतो आणि कापड आकसून टाके ताणतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. प्रत्येक गोधडीसोबत एक चिठ्ठी ठेवा. शिवणारीचे पूर्ण नाव, गाव, साल, कोणते कापड कुणाचे. आज घरात जी म्हातारी आहे तिला आजच विचारा. ज्या वस्त्यांत बचत गट शिवणकाम करतात तिथल्या कार्यकर्त्यांनी हिशोबाची वही, मालाची किंमत आणि नक्षीचा हक्क बायांच्याच नावावर राहील हे पाहावे. चौदा एप्रिलला वस्तीत पुस्तकांचे प्रदर्शन लागते, त्याच मांडवात यंदा एक दोरी बांधा. त्यावर गोधड्या टांगा, खाली शिवणारीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि बोलायला माईक तिच्याच हातात द्या.

जय भीम!